सीमा ओलांडली की माल वाऱ्यावर? तसं नाही
सध्या एक मजकूर बराच फिरतोय. सारांश असा: ‘विमानाला आंतरराष्ट्रीय करार आहे, जहाजाला आहे, रेल्वेला काहीच नाही. गाडी सीमेपार गेली की पहिली कंपनी हात झटकते आणि दुसरी कानावर हात ठेवते. जे थोडेफार नियम आहेत ते युरोपियन युनियनने हल्ली केलेले. आणि रेल्वे कंपन्यांचं आपसात कधी जमलंच नाही.’ यातलं जेमतेम अर्धं विधान खरं आहे, त्याकडे शेवटी येतो.

‘काहीच नाही’? रेल्वे मालवाहतुकीचा बर्न करार 14 ऑक्टोबर 1890 चा. जहाजांचे हेग नियम 1924 चे, विमानांचा वॉर्सा करार 1929 चा. म्हणजे या भावंडांत रेल्वेच थोरली. आज त्या जागी आंतरराष्ट्रीय रेल्वे वाहतुकीचा 1980 चा ‘कोटिफ’ करार आहे. 1999 मध्ये तो विल्नियसला नव्याने बांधला गेला आणि 2006 पासून त्याच रूपात चालू आहे. त्यातले मालाचे नियम ‘सीआयएम’, प्रवाशांचे ‘सीआयव्ही’.

आता हात झटकण्याचं. एकाच बिल्टीवर, म्हणजे मालाच्या वाहतूकपत्रावर, तीन कंपन्यांनी पाळीपाळीने तीन देशांतून ओढलेली वाघीण (मालगाडीचा डबा) घ्या. पोचली तेव्हा दहा पेट्या कमी. बिल्टीसकट माल ताब्यात घेतला की प्रत्येक कंपनी त्या करारात बांधली जाते. दावा पहिल्या कंपनीवर लावा, शेवटच्या कंपनीवर लावा, नाहीतर जिच्या टप्प्यात माल गेला तिच्यावर. पेट्या नेमक्या कुठे गेल्या हे तुम्ही शोधत बसायचं नाही. ते कंपन्या आपसात बघतात: दोषी सापडली तर तिने भरायचं, नाही सापडली तर भाड्यातल्या वाट्याप्रमाणे सगळ्यांनी, आपल्या टप्प्यात नुकसान झालं नाही हे सिद्ध करणारी तेवढी सुटते. भरपाईला मर्यादा आहे, किलोमागे 17 एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक). पण ट्रकच्या आंतरराष्ट्रीय करारात हाच आकडा 8.33 आहे. पॅकिंगच कच्चं असेल तर कंपनी सुटू शकते, तो भाग वेगळा. पोचवण्याची मुदत उलटून 30 दिवस गेले तरी माल आला नाही, तर तो हरवला असं पुराव्याविना धरता येतं.

युरोपियन युनियनबद्दल फार बोलायला नको. स्वित्झर्लंड, तुर्कस्तान, इराण, मोरोक्को युनियनमध्ये नाहीत, पण कोटिफमध्ये आहेत. उलट युनियनच 2011 मध्ये या कराराला येऊन मिळालं.

कंपन्यांचं आपसात ‘जमलंच नाही’ हे तर वाघिणीच्या अंगावर पाहिलं तरी खोटं ठरतं. बाजूला बारा आकडी क्रमांक असतो. तिसरा-चौथा आकडा नोंदणीचा देश सांगतो: 80 जर्मनी, 85 स्वित्झर्लंड. बारावा आकडा आधीच्या अकरांवरून हिशेबाने काढलेला, त्यामुळे उतरवताना एखादा आकडा चुकला तर लगेच कळतं. परक्या कंपनीची वाघीण आपल्या ताब्यात असताना मोडली, तर आपला दोष नाही हे सिद्ध केल्याशिवाय पैसे आपणच द्यायचे, हेही वाघिणींच्या सामाईक वापर करारात 2006 पासून ठरलेलं आहे. कंपन्यांची बर्नमधली वाहतूक समिती 1902 ची, पॅरिसमधला संघ 1922 चा.

मग खरं काय? मालाशेविचे आणि ब्रेस्त, पोलंड-बेलारूसचा सांधा. अलीकडे, पोलंडच्या बाजूला, दोन रुळांमधलं अंतर 1435 मिलिमीटर, पलीकडे 1520. माल तरी उतरवून चढवायचा, नाहीतर डब्याखालच्या बोगी, म्हणजे चाकांचे सांगाडे, बदलायच्या. कायदाही तिथेच बदलतो, कारण पलीकडे 1951 पासूनचा ‘एसएमजीएस’ हा रेल्वे मालवाहतुकीचा वेगळा करार चालतो. 2006 पासून दोन्हीकडे चालणारी सामाईक बिल्टी निघाली, म्हणून सीमेवर कागद नव्याने करायची गरज उरली नाही. जबाबदारीचे नियम मात्र दोन्हीकडे आपापलेच राहिले.

प्रवाशांची अडचण आणखी साधी आहे. दोन कंपन्यांची दोन स्वतंत्र तिकिटं काढली की करारही दोन होतात. पहिली गाडी उशिरा आल्यामुळे दुसरी चुकली, तर दुसऱ्या कंपनीच्या लेखी तुम्ही फक्त वेळेवर न आलेला प्रवासी असता.