गंज कोणाचो?

परवा कुडाळच्या एका शोरूममध्ये माझ्याकडून एक फॉर्म सही करून घेतला गेला. मजकूर असा: 'मला विस्तारित वॉरंटीची माहिती देण्यात आली असून मी ती स्वखुशीने नाकारत आहे. पुढील सर्व परिणामांस मी स्वतः जबाबदार राहीन.' अशी सही मी याआधी फक्त आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला केली होती. तिथे डॉक्टरनं निदान खुर्ची दिली होती.

गाडी म्हणजे कॅरव्हान, आत गादी, फ्रिज, बेसिन असलेली. 2021 साली राज्य सरकारनं कॅरव्हान पर्यटनाचं धोरण आणलं, ते आमच्या पुण्याच्या साडूंनी वाचलं आणि पुढचं सगळं घडलं. गाडी दोघांच्यात. दिवाळी-मे महिन्यात साडू वापरतात. पावसाळ्यात, म्हणजे छप्पर गळण्याच्या मोसमात, ती मालवणला माझ्या अंगणात असते.

कंपनीची मूळ वॉरंटी संपत आली होती आणि वाढीव हवी तर ती संपायच्या आतच घ्यायची असते. किंमत 48 हजार, वर 18 टक्के जीएसटी. मी म्हटलं, अटींचं पुस्तक बघू. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "सर, ते कोणी वाचत नाही." मी वाचायला बसलो. तेव्हा तो सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "एवढी मोठी गाडी घेतलीत आणि एवढ्याशा रकमेला विचार करताय?"

रांगेतली माणसं वळून बघायला लागली. त्यांत एक आबा होते. पांढरा लेंगा, खिशाला टेस्टर लावलेला. नातवाच्या पिकपच्या सर्व्हिसिंगला आले होते. ते उठले, माझ्या शेजारी येऊन बसले आणि पुस्तक माझ्या हातातून काढून घेतलं.

"मी येस्टीत मेकॅनिक होतंय," ते म्हणाले. मग मुलाकडे वळले. "झिला, माका सांग. सायलेन्सर सडलो. देतलंस?"

"नाही आबा. गंज वगळलाय."

"बरा. उंदरान वायर खाल्ल्यान?"

"तो बाहेरचा घटक झाला."

"क्लच प्लेट?"

"झिजणारा भाग."

"खड्ड्यात आदळान सस्पेन्शन गेला?"

"आदळल्यामुळे असेल तर..."

"नायतर कशान जातला? नजर लागान?"

मुलगा आता थोडा घामाघूम. आबांनी पुस्तक बंद केलं. "मगे देतलंस कित्याक?"

"इंजिन, गिअरबॉक्स. आतला बिघाड. म्हणजे बनवतानाचा दोष असेल तर."

"अरे, बनवतानाचो दोष पयल्या वर्साक दिसता. तेवा मूळ वॉरंटी असता. मगे बिघडता ता झिजान नायतर गंजान, आणि तां दोनय तुझ्या पुस्तकात नाय." मग त्यांनी माझ्याकडे, मुलाकडे आणि भिंतीवरच्या कोऱ्या करकरीत गाडीच्या पोस्टरकडे आळीपाळीनं पाहिलं. "गाडी ह्येंची. समुद्र देवाचो. गंज कोणाचो?"

अख्खं शोरूम हसलं. हसू कुणावर होतं ते मला अजून कळलेलं नाही, पण मुलाच्या चेहऱ्यावरून तो आबांवर हसत नव्हता आणि आबा स्वतः हसत नव्हते. उरलो मी.

आबांचं म्हणणं मात्र खोटं नाही. खारा वारा पत्र्यावर मीठ आणून बसवतो, मीठ हवेतला दमटपणा ओढून घेतं आणि पत्रा कधी धड सुकतच नाही. आमच्याकडे खिडकीचे गज दर दोन पावसाळ्यांनी रंग मागतात. त्यात साडूंना दाभोळ-धोपावे फेरीबोटीतून गाडी नेण्याची हौस. चढता-उतरताना खाडीचं पाणी खालून उडतं आणि साडू वरून फोटो काढतात.

आणि कॅरव्हानला एक वॉरंटी असते असं समजू नका. चासी कंपनीची, बॉडी पुण्याच्या कारखानदाराची, फ्रिजची वेगळी, इन्व्हर्टरची वेगळी. छप्पर गळलं तेव्हा बॉडीवाला म्हणाला, रस्ते खराब, चासी पिळवटते, सांधे उघडतात. कंपनी म्हणाली, बॉडी आमची नाही. रस्त्याला कोण विचारणार? मुंबई-गोवा महामार्गाचं रुंदीकरण 2011 पासून चालू आहे. पनवेल ते माणगाव पट्ट्यात आमच्या गाडीतल्या कपाटांची दारं आपोआप उघडतात आणि चहापत्ती गादीवर येते. याला पुस्तकात 'वापराची प्रतिकूल परिस्थिती' म्हणतात. आमच्याकडे याला गावी जाणं म्हणतात.

2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात एकतर्फी, जाचक कराराविरुद्ध दाद मागता येते हे मला ठाऊक आहे. पण अशी तक्रार जिल्हा आयोगाकडे चालत नाही, राज्य आयोगाकडे करावी लागते. म्हणजे मुंबई. म्हणजे परत तोच महामार्ग, तीच चहापत्ती.

मी नाही म्हणालो. तेव्हा तो फॉर्म आला. मी म्हटलं, याची एक प्रत मला द्या. मुलगा म्हणाला, प्रत देत नाहीत. म्हटलं, परिणाम माझे, तर कागद तुमच्याकडे कशाला? त्याला याचं उत्तर शिकवलेलं नव्हतं. मग मीच फॉर्म घेऊन बाहेरच्या झेरॉक्सवाल्याकडे गेलो, सुटे नव्हते म्हणून त्याचंही बोलणं खाल्लं.

परत आलो तर आबा गाडीपाशी उभे. नातवाच्या पिकपला वेळ लागणार होता आणि त्यांना कट्टा गावापर्यंत यायचं होतं. बसवलं. आबा बसले कसले, आत शिरून एकेक कप्पा उघडायला लागले. गादी दाबली, पंखा फिरवला, "घर हा ओ घर!" म्हणाले. मग बेसिनचा नळ सोडला. पाणी आलं नाही. जोर लावला, तर नळाची मूठ त्यांच्या हातात आली.

"ह्या खंयच्या वॉरंटीत?" त्यांनी मूठ माझ्यापुढे धरून विचारलं.

नळाची वॉरंटी आहे. पाच वर्षांची आहे, डबीवर छापलं होतं. फक्त बिल लागतं. मी गाडी कडेला घेऊन साडूंना फोन लावला.

"बिल?" साडू म्हणाले. "बिल तुमच्याकडेच ना?"