बसतंय की!

कोल्हापुरात कुठलीही वस्तू कशातही बसते. उद्यमनगरात लेथ आहे, टर्नर आहे आणि ‘बसवून देतो की’ ही खात्री आहे. ज्या गावात बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा स्वतः घडवला, तिथं एका कंपनीचं फ्लॅश हेड, म्हणजे स्टुडिओतल्या मोठ्या फ्लॅशचा दिवा, दुसऱ्या कंपनीच्या जुन्या पॉवर पॅकला, म्हणजे त्याला वीज पुरवणाऱ्या पेटीला, बसवायचं म्हणजे काय मोठंसं? पितळेच्या चार पिना, बेकेलाइटचा तुकडा, चार वाजताच्या चहाआधी जॉब तयार. माझं दुखणं नेमकं इथं आहे.

कारण प्लग बसणं ही या जोडीतली सगळ्यात किरकोळ गोष्ट. खासबागेत कुस्तीची जोड लावताना दोघांच्या लंगोटाचं माप जुळतं का, हे कुणी बघत नाही. वजन बघतात, दम बघतात. आम्ही फोटोवाले मात्र लंगोट बघून जोड लावतो आणि वर म्हणतो, ‘बसतंय की, भावा!’

पॅक म्हणजे वीज साठवणाऱ्या कंडेन्सरांनी भरलेली पेटी. हेडमध्ये फ्लॅश ट्यूब, फोकस करायला सतत जळणारा मॉडेलिंग लॅम्प आणि नशीब असेल तर पंखा. पॅकच्या तोंडावर 2000 ज्यूल लिहिलेलं असतं. शंभर किलोचा पैलवान दोन मीटर वर उचलायला जेवढी ऊर्जा लागते, साधारण तेवढी ती होते, आणि आपण ती अगदी सहज हाताळतो. पण हा आकडा अर्धंच सांगतो. हीच 2000 ज्यूल 450 व्होल्टवर साठवायला जवळपास 19,750 मायक्रोफॅरडचे (हे कंडेन्सरच्या साठवणीचं माप) कंडेन्सर लागतात, तर 900 व्होल्टवर फक्त 4,940. पाटी तीच, आतला पैलवान वेगळा. 900 व्होल्टची ट्यूब 450 च्या पॅकला लावली तर ती मनात येईल तेव्हा पेटते, आणि नवरदेवाचे डोळे उघडे असताना सहसा तिच्या मनात येत नाही. उलट केलं तर बटण न दाबताच फटाका वाजण्याची तयारी ठेवावी. स्पीडोट्रॉन या फ्लॅश कंपनीची ब्राउन लाइन आणि ब्लॅक लाइन एकाच घरातल्या, तरी एकीचं हेड दुसरीला चालत नाही. मग परक्या घरातलं काय चालणार?

व्होल्टेज जुळलं तरी हेडची झेप, म्हणजे ते किती ज्यूल सोसतं, ती बघायची. ती पाठीमागच्या पाटीवर असते, आणि ती पाटी बहुतेक वेळा खरवडलेली किंवा स्टिकरखाली गेलेली असते. 1000 ज्यूलच्या हेडवर 2400 चा पॅक पूर्ण सोडला तर ट्यूब लगेच मरत नाही, हीच पंचाईत. आधी टोकं काळी पडतात, मग काच दुधाळ होते, आणि मग एके दिवशी ती सॉफ्टबॉक्सच्या, म्हणजे प्रकाश मऊ करणाऱ्या कापडी खोक्याच्या, आत फुटते. काचेचं झाकण न लावता काम करणाऱ्याला तेव्हा देव आठवतो. मोठ्या हेडला छोटा पॅक मात्र खुशाल लावा, व्होल्टेज तेवढं एक असलं पाहिजे.

मॉडेलिंग लॅम्पचा घोटाळा थोडक्यात सांगतो. अमेरिकन पॅक 120 व्होल्टवर चालतो, त्यामुळे हेडमधला दिवाही तसाच असतो. तो 230 वर लावला की ‘टप्’. म्हणून कुणी हुशारीनं 230 चा दिवा 120 च्या पॅकला लावतो, तेव्हा प्रकाश साधारण दहाव्या हिश्शावर येतो. गाभाऱ्यातल्या समईत फोकस करा मग. आणि स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर मिक्सरला पुरणारा घेऊ नका, पॅक भरताना जो घोट घेतो त्यात तो गुदमरतो.

आता जुना पॅक जागा कसा करायचा. पाच-सहा वर्षं माळ्यावर पडलेला पॅक थेट पूर्ण ताकदीवर चालू करणं म्हणजे आजारातून उठलेल्या माणसाला तांबडा-पांढरा वाटीवर वाटी पाजणं. बिनवापराच्या कंडेन्सरमधला ऑक्साइडचा पातळ थर झिजतो, गळती वाढते, आत उष्णता होते आणि डबा फुगतो. उपाय स्वस्त आहे. मोटार बांधणाऱ्याकडे असतो तसा सिरीज बोर्ड घ्या, ज्यात वीज बल्बमधून पुढे जाते, त्यात 100 वॅटचा जुना पिवळा बल्ब लावा. हेडं काढून ठेवा, पॅक सगळ्यात कमी ताकदीवर ठेवा आणि वीज सोडा. बल्ब आधी झगझगीत पेटतो. मग त्याचा तोरा हळूहळू उतरतो, तार लालसर होते आणि शेवटी नुसती शंका उरते. हे बघत बसण्यात एक सुख आहे. बल्ब उतरलाच नाही, किंवा आंबट, माशासारखा वास आला, तर वायर काढा आणि विषय संपवा. उतरला, तर तासभर तसाच ठेवा, मग थेट विजेवर पण कमीत कमी ताकदीवर अर्धा तास, मग एकेक पायरी वर. साध्या जुन्या पॅकला हे मानवतं. इलेक्ट्रॉनिक कंट्रोलवाल्यांच्या रिले मात्र बल्बमागे टकटक करून डोकं उठवतात.

हेड लावताना-काढताना पॅक बंद, चार्ज उतरलेला, आणि वर थोडा धीर. चालू पॅकमधून प्लग ओढला की आत ठिणगी पडते आणि पिनेवर काळा खड्डा उरतो. जुना पॅक विकत घेताना त्या पिना आधी बघाव्यात, त्या मागच्या मालकाचा स्वभाव सांगतात. पेटी उघडून स्क्रूड्रायव्हरनं कंडेन्सर ‘उतरवणारे’ शूर असतात, पण मी त्यांच्या शेजारी बसत नाही. चार्ज रेझिस्टरनं उतरवायचा आणि मग मल्टिमीटरनं तपासायचा. मीटर 600 व्होल्टचा असेल तर 900 च्या पॅकला लावू नका.

कॅमेऱ्याची वायर जिथं लागते त्या सिंकच्या सॉकेटवरही मीटर लावा. जुन्या पॅकांत तिथं दोन-तीनशे व्होल्ट निघू शकतात. कॅमेऱ्याच्या आणि रेडिओ रिसीव्हरच्या पुस्तिकेत किती सोसवतं ते लिहिलेलं असतं. पॅकला दुसऱ्या फ्लॅशचा प्रकाश ओळखणारा फोटो-सेल असेल तर छोट्या फ्लॅशनं त्याला डोळा मारा, वायरच नको.

एवढं सगळं जुळलं तरी रंगाचा रुसवा राहतो. कोटिंग नसलेली जुनी ट्यूब निळसर, कोटिंगवाली उबदार. दोन्ही एकत्र वापरल्या तर नवरदेव एका गालानं रंकाळ्यावर आणि दुसऱ्यानं मनालीत.

म्हणून जमलेल्या जोडीच्या प्लगला आणि सॉकेटला एकाच रंगाची टेप गुंडाळायची, वर मार्करनं व्होल्ट आणि ज्यूल लिहायचे. लाल ते लाल, निळं ते निळं. मांडवात घाई असते, हेल्पर नवा असतो, तो लाल प्लग निळ्या सॉकेटवर धरून अंगठ्यानं जोर लावतो आणि आनंदानं ओरडतो, “ओ सर, ह्यात पण बसतंय की!”