बोल्ट काढायला बीए लागतं म्हणे

आज डोकं फिरलंय, त्यामुळं पोस्ट मोठी होणार. कंटाळा आला तर खुशाल पुढं जावा.

भाचा सकाळी इंटरव्ह्यूला गेला होता. एका मोठ्या वर्कशॉपमध्ये, नाव लिहीत नाही, उगी भानगड नको. जागा टेक्निशियनची. बहिणीनं हातावर दही-साखर ठेवली, फाईलमध्ये आयटीआयचं सर्टिफिकेट, अप्रेंटिसशिपचं सर्टिफिकेट, सगळं प्लास्टिकच्या कव्हरात. दीड तास बसवून ठेवलं आणि आतल्या मॅडमनी विचारलं, ग्रॅज्युएशन कशात? तो म्हणला, मॅडम मी मोटर मेकॅनिक ट्रेड केलाय, दोन वर्षांचा. त्या म्हणल्या, ते नाही हो, डिग्री. कोणतीही चालेल.

कोणतीही! म्हणजे इतिहासात बीए केलेला आला तर चालतोय, त्याला क्लच प्लेट आणि स्टीलची प्लेट यातला फरक कळत नसला तरी. आणि दोन वर्षं आयटीआय, एक वर्ष अप्रेंटिसशिप, तीन वर्षं गॅरेजमध्ये हात काळे केलेला पोरगा बाहेर. बॉनेट उघडून दाखव म्हणून एकानं सुद्धा म्हणलं नाही.

मागच्या वर्षीच्या आमच्या सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेच्या वेळची गोष्ट माझ्या जवळच्या लोकांना माहितीये, तरी परत सांगतो. माझी गाडी अधूनमधून स्टार्टच व्हायची नाही. चावी फिरवली की मीटरमधले सगळे लाईट नाचायचे आणि टक टक असा आवाज, बस्स. शोरूमवाल्यांनी लॅपटॉप लावला, कोड काढले आणि सांगितलं ईसीएम, म्हणजे गाडीचा कंप्युटर, गेलाय, ४२ हजार. मी घरी येऊन गप बसलो. मग अक्कलकोट रोडच्या गॅरेजवाल्या चाचांकडं गाडी नेली. चाचांनी चावी फिरवायला लावली, कान देऊन ऐकलं आणि म्हणले, साहेब, कंप्युटरला काय झालं नाही, तुमची अर्थिंग खराब हाय. बॅटरीच्या ट्रेखालून गिअरबॉक्सला जाणारी वायर, तिचा लग, म्हणजे टोकाची धातूची चकती, हिरवा पडला होता. पॉलिश पेपरनं घासला, आवळला, वरून वेसलीन. ३०० रुपये. आज दीड वर्ष झालं, एकदा बंद पडली नाही.

सांगा आता, त्या लॅपटॉपवाल्याकडं डिग्री होती की नव्हती? होती की! भिंतीवर लावली होती.

बरं, मान्य करतो, काळ बदललाय. २०२० च्या एप्रिलपासून बीएस-६, म्हणजे गाडीच्या धुराचे कडक नियम, आले, डिझेल गाडीच्या सायलेन्सरमध्ये सुद्धा फिल्टर आणि सेन्सर बसले, कॉमन रेलमध्ये, म्हणजे इंजिनला डिझेल पुरवणाऱ्या नळीत, डिझेलचं प्रेशर दीड-दोन हजार बारपर्यंत जातंय, इलेक्ट्रिक गाडीत तर ३००-४०० व्होल्ट खेळतोय, तिथं अंदाजपंचे हात घातला तर माणूस जाईल. शिक्षण पाहिजेच. पण शिक्षण म्हणजे डिग्री हे कुणी ठरवलं? आता आयटीआयमध्ये इलेक्ट्रिक व्हेईकलचा वेगळा ट्रेड आलाय. अमेरिकेत मेकॅनिकला एएसई म्हणून परीक्षा असते, पेपर पास व्हा आणि दोन वर्षं कामाचा अनुभव दाखवा, वर दर पाच वर्षांनी परत परीक्षा. हे पटतंय मला. घ्या ना परीक्षा! घाम फुटेपर्यंत घ्या, पण गाडीवर घ्या.

आणि पोरानं आता डिग्री करायचीच म्हणली तर रस्ता बघा. आयटीआयवरून डिप्लोमाच्या डायरेक्ट सेकंड इयरला, ती दोन वर्षं, तिथून परत इंजिनिअरिंगच्या डायरेक्ट सेकंड इयरला, ती तीन. पोरगं आज बावीसचं आहे. सत्ताविसाव्या वर्षी बाहेर पडणार आणि मग परत ऑइल फिल्टर बदलायला उभं राहणार, ते पण आज ज्या पगारावर मागत होतं जवळपास त्याच पगारावर. इंजिनिअरिंगला थर्मोडायनॅमिक्स शिकवतात, गाडी डिझाईन कशी करायची ते शिकवतात, चांगलंच आहे, ती माणसं पण पाहिजेत. पण गंजलेला बोल्ट न मोडता कसा सोडवायचा हे कुठल्या सेमिस्टरला आहे? माझा स्वतःचा पोरगा मेकॅनिकलच्या थर्ड इयरला आहे, मागच्या महिन्यात पंक्चर झालं तर जॅक कुठं लावायचा म्हणून मला व्हिडिओ कॉल केला त्यानं. (वाचशील हे, राग मानू नको.)

लिहिता लिहिता एक गोष्ट टोचायला लागली, ती पण लिहून टाकतो. चाचांची गोष्ट मी नेहमी अर्धीच सांगतो. कान चाचांनी दिला हे खरं, पण व्होल्ट मोजायचं मल्टिमीटर चाचांनी धरलं नव्हतं. त्यांना आता ते बारीक आकडे दिसत नाहीत. ते पालथ्या क्रेटवर चहा घेऊन बसले होते आणि हाताखालच्या पोराला म्हणले, बघ रे बाळा. मीटरची एक पिन बॅटरीच्या मायनसला, दुसरी इंजिनला लावून तो मला म्हणला, मामा मारा सेल्फ. आकडा दोनच्या वर गेला. मामा, अर्धा व्होल्टच्या आत पाहिजे हा, करंट परत जायला वाटच नाही गाडीत. हे कुठं शिकलास म्हणलं तर म्हणला, आयटीआयला, सर करून घ्यायचे. तो पोरगा म्हणजे माझा भाचाच.

आणि दहावीला ७१ टक्के पडल्यावर तो आयटीआयला जातो म्हणला होता तेव्हा बहिणीला फोन करून, एवढे मार्क असताना आयटीआय, लोक काय म्हणतील, सायन्सला टाक, असं सांगणारा मामा म्हणजे मीच. तिनं ऐकलं नाही माझं. बरं झालं. त्या मॅडमवर एवढा चिडलोय खरा, पण त्यांनी आज विचारलं ते मी सहा वर्षांपूर्वीच विचारलं होतं.

मगाशी बहिणीचा फोन आला होता. म्हणली, दादा, मुक्त विद्यापीठातून बीए करायला लावू का त्याला, सर्टिफिकेट तरी होईल. मला काय बोलावं सुचलं नाही, बघू म्हणलं. तो दुपारीच चाचांकडं गेलाय, इस्त्रीचा शर्ट काढून बनियनवर. एका पिकअपचा गिअरबॉक्स खाली उतरवलेला आहे म्हणे, रात्रीत चढवायचाय, सकाळी गाडीला टोमॅटो घेऊन मार्केट यार्डात जायचंय.

कुणाच्या ओळखीत असं वर्कशॉप असेल की जिथं आधी बॉनेट उघडायला लावतात, तर इनबॉक्स करा. पुणे पण चालेल, पण सोलापूर असेल तर बरं, बहीण एकटी आहे. आणि इंजिनिअर मित्रांनो, शिव्या उद्या द्या, आज मूड नाही.