ब्लूज सोपा नाहीच
जॅझ आणि ब्लूज या अमेरिकेतील कृष्णवर्णीयांमधून आलेल्या संगीतशैली वाजवणाऱ्या स्थानिक वादकांवरचा लेख वाचला. जॅझच्या तुलनेत ब्लूज सोपा, हा समज त्यातील एका गिटारवादकाने खोडून काढला आहे, तो मुद्दा मला सर्वांत मोलाचा वाटला. ब्लूजमधले बारा बारचे (बार म्हणजे ठरावीक मात्रांचा गट) आवर्तन आणि तीन मुख्य कॉर्ड (एकत्र वाजवायचे स्वरसमूह) थोड्या सरावाने हाताखाली येतात. मात्र तार ओढून कोमल आणि शुद्ध गंधाराच्या मधल्या नेमक्या जागी स्वर नेणे, तिथे तो किंचित हलवत धरणे आणि गायकाची ओळ संपेपर्यंत गप्प राहणे, यात वर्षे जातात. ब्लूज गिटारवादक बी. बी. किंग (१९२५–२०१५) दोन-तीन स्वरांत ओळखू येतात ते यामुळेच. या वादकांना समारंभांत फर्माइशी वाजवून पोट भरावे लागते, याबद्दलची लेखकाची हळहळ मात्र (हेतू चांगला असला तरी) अनाठायी वाटते. जॅझमधले पियानोवादक काउंट बेसी, सॅक्सोफोनवादक लेस्टर यंग हेदेखील नाचणाऱ्यांसाठी वाजवतच घडले.