‘स्मार्ट बॉम्ब फक्त रणगाडेच टिपतो’ म्हणे!

अमेरिकी बनावटीच्या सीबीयू-१०५ बॉम्बची तारीफ करणारा एक दावा सतत फॉरवर्ड होत असतो. त्याचा सारांश असा : ‘यातला सेन्सर शत्रू ओळखतो, न फुटण्याचं प्रमाण १ टक्क्याहून कमी, त्यामुळे क्लस्टर बॉम्बवरच्या बंदीतून याला सूट; म्हणूनच तो आजही बनतो.’ (क्लस्टर बॉम्ब म्हणजे हवेत उघडून अनेक छोटे बॉम्ब विखुरणारा बॉम्ब.) भारतीय हवाई दलासाठी असे ५१२ बॉम्ब घेण्याचा करार झाला होता, त्यामुळे हा दावा आपल्याकडे आवडीने वाचला जातो.

आधी त्यातलं खरं काय ते सांगतो. जुन्या सीबीयू-८७ मधून २०२ बॉम्बगोळ्या नुसत्या विखुरल्या जायच्या. न फुटलेल्या शेतात पडून राहायच्या. सीबीयू-१०५ मधून १० नळकांडी पॅराशूटने उतरतात, प्रत्येकातून ४ ‘स्कीट’, म्हणजे सेन्सर असलेले छोटे उपबॉम्ब, फेकल्या जातात. लक्ष्य सापडलं नाही तर स्कीटने स्वतःला उडवून घ्यावं, तेही फसलं तर निकामी व्हावं, अशी सोय आहे. सुधारणा मोठी आहे, यात वाद नाही.

पण ‘शत्रू ओळखतो’? स्कीटमधला इन्फ्रारेड सेन्सर उष्णता शोधतो, लेझर वस्तूचा उंचसखलपणा मोजतो. तापलेलं इंजिन आणि गाडीसारखा आकार, एवढंच त्याला कळतं. दारूगोळ्याचा ट्रक आणि पाण्याचा टँकर यांतला फरक त्याला कसा कळणार? आत कोण बसलंय हे तर दूरच. २००३ मध्ये इराकमध्ये तो रणगाड्यांच्या ताफ्यावर टाकला गेला. तो बनवलाच त्यासाठी होता. गावालगतच्या रस्त्यावर मात्र चाळीस स्कीट आपापलं लक्ष्य निवडणार, आणि वैमानिकाच्या हातात तेव्हा काहीच उरलेलं नसणार.

१ टक्क्याचं काय? अमेरिकेच्या निर्यात धोरणातली ती अट आहे. रणांगणावरची मोजणी नव्हे. सौदी अरेबियाच्या आघाडीने हे बॉम्ब टाकलेल्या येमेनमध्ये ह्यूमन राइट्स वॉच या मानवाधिकार संस्थेला स्कीट अजून चिकटलेल्याच असलेली नळकांडी सापडली, म्हणजे ते बॉम्ब ठरल्याप्रमाणे उघडलेच नव्हते. आणि आकडा खरा धरला तरी हिशेब करा : ५१२ बॉम्ब म्हणजे २०,४८० स्कीट. त्यांचा १ टक्का दोनशेच्या वर जातो.

बंदीतून सूट हा तर सरळ गैरसमज. क्लस्टर बॉम्बवर बंदी घालणाऱ्या २००८ च्या आंतरराष्ट्रीय करारात सूट आहे, पण सगळ्या अटी एकदम पाळल्या तरच. त्यांतली एक : स्फोटक उपबॉम्ब १० पेक्षा कमी हवेत. जर्मनीचा स्मार्ट-१५५ आणि फ्रान्स-स्वीडनचा बोनस हे तोफगोळे त्यात बसतात, कारण त्यांत प्रत्येकी दोनच असतात. सीबीयू-१०५ मध्ये चाळीस आहेत. भारत, अमेरिका आणि सौदी अरेबिया यांनी करारावर सही केलेली नाही, त्यामुळे त्यांना तो लागू होत नाही. पण सूट मिळणं वेगळं आणि करारातच नसणं वेगळं.

अचूकतेबद्दलचा भाबडेपणा तर जुनाच आहे. १९९९ मध्ये बेलग्रेडमधल्या चिनी दूतावासावर उपग्रहाच्या आधारे सोडलेले अमेरिकी बॉम्ब अगदी नेमून दिलेल्या जागी पडले. जागाच चुकीची दिली होती. तीन चिनी पत्रकार मेले.

राहिलं ‘आजही बनतो’. मे २०१६ मध्ये अमेरिकी सरकारने सौदी अरेबियाला क्लस्टर बॉम्ब देणं थांबवलं, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये टेक्स्ट्रॉन या निर्मात्या कंपनीने हे उत्पादन बंद करत असल्याचं जाहीर केलं.