आम्ही फक्त पुढे पाठवले!

जमावाला चेहरा नसतो, पाहणारे असहाय असतात, पोलीस वेळेवर पोहोचत नाहीत; म्हणून जमावाने केलेल्या हत्यांत सामान्य माणसाचा दोष नसतो, असे सांगणारा एक मजकूर सध्या सर्वत्र फिरत आहे. निवृत्त शिक्षिका असलेल्या माझ्या आत्यानेही तो हात जोडल्याच्या चिन्हासह घरच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकला, तेव्हा मात्र उत्तर देणे भाग पडले.

त्यातला सर्वांत घातक मुद्दा शेवटी आहे: मुले पळवणाऱ्या टोळीचा संदेश खात्री न करताही पुढे पाठवावा, कारण ‘एक मूल वाचले तरी पुरे’. 2018 मध्ये देशभर फिरलेली चित्रफीत आठवा. मोटारसायकलवरचे दोघे गल्लीत खेळणाऱ्या मुलांतून एकाला उचलतात, एवढेच तीत दिसत होते. मुळात ती कराचीतील जनजागृतीसाठी बनवलेली फीत होती. शेवटी ते दोघे मुलाला परत आणून सोडतात आणि पालकांना सावध करणारा फलक धरतात. हा शेवट कोणीतरी कापला. कापणारा एखादाच असेल. पण ती गावोगावी पोहोचवली ती सामान्य माणसांनी, आणि तीही काळजीच्या नावाखाली. त्या काळजीने कोणते मूल वाचले, हे मजकूर सांगत नाही.

अशाच अफवांच्या दिवसांत, 1 जुलै 2018 रोजी, धुळे जिल्ह्यातील राईनपाड्याच्या आठवडी बाजारात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठार केले. गावोगाव फिरून भिक्षा मागणे हा ज्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा उदरनिर्वाह, त्यांचे ‘अनोळखी’ असणेच गुन्हा ठरले. त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारले जात असताना लोक मोबाइलवर चित्रण करत होते. ‘पाहणारे असहाय असतात’ हे वाक्य लिहिणाऱ्याने त्या चित्रफिती पाहिलेल्या नसाव्यात. असहाय माणूस नीट दिसावे म्हणून पुढे सरकत नाही.

पोलीस वेळेवर आणि पुरेशा संख्येने पोहोचत नाहीत, हा मुद्दा मात्र नाइलाजाने मान्य करावा लागतो. पण त्याच रात्री मालेगावात याच अफवेने जमाव एका कुटुंबावर धावून गेला, तेव्हा पोलीस येईपर्यंत त्यांना घरात आसरा देणारेही स्थानिकच होते.

‘जमावाला चेहरा नसतो’ याचे उत्तर धुळ्याच्या न्यायालयाने 2024 मध्ये दिले आहे: राईनपाडा प्रकरणात सात जणांना जन्मठेप झाली. संदेश पाठवणारे त्या सातांत नाहीत, हे खरे. आणि आत्याने टाकलेला मजकूर लिहिणाऱ्याला नेमका याचाच दिलासा वाटतो आहे.