साक्षीदार पाहिजे

वहीत लिहिलं गेलंय ते आता खोडताही येत नाही. लॉगबुकात खाडाखोड दिसली की तपासणाऱ्याला पहिला संशय आपलाच येतो.

मी ज्याची तयारी करतोय त्या लांब पल्ल्याच्या सायकल-विक्रमात पायडल मारणं त्यातल्या त्यात सोपं. खरा घाट कागदांचा. जीपीएसची नोंद हवी, फोटो-व्हिडिओ हवेत, शिवाय वाटेतल्या परक्या माणसांच्या सह्या. जीपीएसचा ऑटो-पॉज, म्हणजे आपण थांबलो की नोंदही आपोआप थांबवणारी सोय, बंद ठेवायचा, कारण आपण चहाला थांबलो तरी विक्रमाचं घड्याळ थांबत नाही. फाईल रोज रात्री सेव्ह करून सकाळी नवी सुरू करायची. आठ दिवसांची एकच ठेवली आणि बिघडली, तर आठही दिवस पाण्यात. ही सवय आधीच लागावी म्हणून रविवारच्या सोलापूर-नळदुर्ग फेरीला वही सोबत.

परतताना वेड्या बाभळीचा काटा लागला. ट्यूब बदलण्याआधी टायरच्या आतून बोट फिरवून काटा काढायचा, नाहीतर नवी ट्यूबही दहा मिनिटांत बसते. ते झालं. पण छोट्या पंपानं ८० पीएसआय इतका हवेचा दाब भरेपर्यंत दंड भरून आले, आणि शेजारच्या पंक्चरवाल्याचा पंप आमच्या बारीक प्रेस्टा वाल्वला बसेना. (पितळी अडॅप्टर नखाएवढा असतो. तो घरी होता.) म्हणून चहाच्या टपरीवर टेकलो आणि वही पुढं केली.

"कशाची सही?"

"मी इतक्या वाजता इथं होतो, एवढीच."

"आहेत की तुम्ही इथं. मग सही कशाला?"

"पुरावा लागतो."

त्यानं गाळणं खाली ठेवलं. "कुणाला उडवून आलाव का?"

नाही म्हटलं, तरी त्यानं वाकून पुढचं चाक बघितलं.

"आमच्या मेव्हण्यानं अशीच सही केलती. जामीनदार म्हणून. ट्रॅक्टर दुसऱ्याचा, हप्ते ह्यानं फेडले."

"यात कर्ज नाही हो."

"मेव्हण्यालाबी असंच सांगितलं होतं. मंडळींची घ्या की सही."

"नात्यातली चालत नाही."

"का?"

"बायको नवऱ्याच्या बाजूनं बोलेल म्हणून."

तो बराच वेळ माझ्याकडं बघत राहिला. "नियम करणाऱ्यांची लग्नं झाली नाहीत वाटतं."

यावर मला उत्तर सुचलं नाही, अजूनही सुचत नाही. स्कॉटलंडचा सायकलपटू मार्क ब्यूमाँट २०१७ साली ७८ दिवसांत जगाला फेरी मारून आला, तेव्हा पहाटे साडेतीनला उठून रोज सोळा तास सायकल चालवायचा. त्याचं कौतुक आहेच. पण सोलापुरात पाण्याच्या दिवशी साडेतीनला अख्खी गल्ली उठलेली असते, आणि तिची नोंद कुठल्याच वहीत होत नाही. नळाला काही दिवसांआड पाणी; ते कधी येईल ते नळालाच ठाऊक. मोटर लावा, पिंप भरा, मग टाकी. लांबच्या फेऱ्यांचं वेळापत्रक कुठल्या कोचनं नाही, पाणी सोडणाऱ्यानं ठरवलेलं असतं. रविवारी त्यानं ते माझ्या मागं बदललं.

खाण्याचंही तसंच. तासाला साठेक ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत. म्हणजे दोन केळी आणि वर गुळाचा खडा. घरचे मायेनं कडक भाकरी आणि शेंगाचटणी बांधून देतात. भाकरीचा खिशात भुगा होतो, चटणीचं तेल जर्सीभर पसरतं, आणि एवढं तेल चालत्या सायकलीवर पचतही नाही. हे घरी सांगायची छाती अजून झालेली नाही.

शेवटी दुसरा चहा घेतल्यावर टपरीवाला पाघळला. वही ओढली, पेन झटकलं, जीभ दातात धरून लिहिलं. वेळेच्या रकान्यात "सकाळ". किलोमीटरच्या रकान्यात "लई". त्याखाली, "चहा २, बिस्किट पुडा १. पैसे पोचले. बाकी नाही." आणि फर्डी सही.

घरी ज्यांची सही चालत नाही त्यांनी ते पान दोनदा वाचलं.

"दोन चहा? म्हणजे तुम्ही तिथं टपरीवर बसलेलात, आणि मी इकडं एकटी पिंपं भरत होते!"